चिनी सिनेमातली दोरी

आमच्या घराण्यात लग्न असलं, की हळदीच्या दुपारी जेवणं उरकल्यावर कुणीतरी सतरंजीवर लवंडत म्हणतंच, "ए, त्यो चिनी पिच्चरचा किस्सा होऊ दे." मी आढेवेढे घेतो. ते अर्धं मिनिट टिकतात. मग मी उठून मांडी घालतो, आणि लातूरच्या एका क्लासच्या हॉलमध्ये दोन चिनी माणसांच्या प्रेमाचं मी शेतीच्या वाटणीचं भांडण कसं करून टाकलं, ते साभिनय सांगतो. बायका पदर तोंडाला लावून हसतात. जावईलोकही हसतात, आणि आमच्याकडच्या जावयांना हसवणं किती अवघड आहे ते ज्याचं त्याला ठाऊक.

किस्सा वाटणीपाशी संपतो. तिथं मी पाणी मागतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण पुढच्या भागात माझे धाकटे काका आहेत, आणि अशा प्रत्येक लग्नात ते मांडवाच्या कडेला, नवरदेवाच्या कोटाची बटणं पक्की करत बसलेले असायचे. आता ते नाहीत.

तेव्हा मी लातुरात एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होतो. लातूर ज्यांना माहीत आहे त्यांना यातला केविलवाणेपणा लगेच कळेल. फिजिक्सचे सर म्हणजे देव. केमिस्ट्रीचे सर देवाच्या शेजारी. इंग्रजीचे सर पास होण्यापुरते. चौकाचौकात सरांचे हाताची घडी घातलेले फोटो लागत. माझा एकदाच लागला, खालच्या कोपऱ्यात, आणि फ्लेक्सवाल्यानं खिळा नेमका माझ्या कपाळात ठोकला. बॅच दुपारी दोनची. त्या वेळी अख्खं लातूर झोपतं. माझी लेकरंही झोपायची, फरक एवढाच की बाकावर बसून.

रविवारी मात्र गावात जत्रा असल्यासारखं व्हायचं. खेड्याखेड्यांतून आई-बाप एसटीनं डबे घेऊन यायचे. क्लासच्या आवारात, लिंबाखाली, जिन्यावर, जिथं जागा मिळेल तिथं लेकरांना जेवू घालायचे. धपाटे, शेंगाची चटणी, वरून "मार्क किती पडायलेत?" हा एकच प्रश्न. माझ्यासाठीही डबा यायचा. मी पस्तिशीला टेकलेलो, लग्न व्हायचं होतं, आणि औशाहून धाकटे काका दर रविवारी भाकरी, ठेचा आणि दह्याची बरणी घेऊन उतरायचे. पोरं मला चिडवायची, "सर, तुमचे पालक आले." काका खरंच पालकांच्या रांगेत बसायचे.

काका शिंपी होते. आमचं घर शेतकऱ्याचं. पण त्यांनी तरुणपणीच नांगर सोडून औशाच्या बाजारपेठेत शिलाई मशीन धरली होती. दुकानात दोन मशिनी समोरासमोर. एक काकांची, दुसरी मास्तरांची. मास्तर गावातल्या जुन्या मुस्लिम घरातले. दिवसभर शिवायचे आणि लग्नसराईत, गणपतीत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दुकानाच्या वर एक खोली होती, दोघं तिथंच राहायचे. काकांनी लग्न केलं नाही. मास्तरांचंही राहिलं. घरात याला "लई दोस्ती" म्हणायचे आणि विषय बदलायचे. आजी मात्र दिवाळीला दोन डबे भरायची, एक काकांचा आणि एक, ती म्हणायची, "त्या वाजवणाऱ्याचा." मला लहानपणी वाटायचं, दोन मशिनींच्या दुकानात दोन माणसं लागतातच, त्यात काय विशेष.

ज्या पहाटे भूकंप झाला त्याच्या आदल्या संध्याकाळी मास्तर एका गावात विसर्जनाच्या मिरवणुकीला वाजवायला गेले होते. मिरवणूक उशिरापर्यंत चालली, म्हणून बँडवाले तिथंच एका माळवदाच्या घरात मुक्कामाला राहिले. दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं धाबं.

मी तेव्हा बी.ए. होऊन दुकानात काजं करत बसलेला बेकार. सकाळी बातम्या येत गेल्या तसे काका उठले. दुकानाचं फळकूट लावलं, मला म्हणाले, "चल." टेप गळ्यातच राहिली. एका ट्रकमधून आम्ही गेलो. गाव असं उरलंच नव्हतं, त्याबद्दल मी लिहिणार नाही, लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय. सांगायची ती एवढीच गोष्ट. बघायला आलेल्यांची झुंबड उडाली होती, म्हणून पोलिसांनी दोरी बांधली होती. दोरीच्या आत ज्यांची माणसं गेली ते. बाहेर आम्ही सगळे. एक हवालदार, धुळीनं पांढरा झालेला, प्रत्येकाला विचारत होता.

"आत कोण हाय तुमचं?"

काकांनी मास्तरांचं नाव सांगितलं.

"तुमी कोण लागता त्यांचे?"

काकांनी तोंड उघडलं. मी शेजारीच होतो. मागं औशाची चारपाच ओळखीची माणसं उभी होती. काकांनी एकदा मागं पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "कोणी न्हाई."

"मग बघायला आलेले तिकडं थांबा," हवालदार म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता. आम्ही तिकडं थांबलो. दुपारी उदगीरहून मास्तरांचे मोठे भाऊ आले, त्यांना आत सोडलं. दिवस कलताना मास्तरांचा देह घेऊन टेम्पो निघाला तेव्हा ते काकांसमोर थांबले. म्हणाले, "भाईजान, बाजा नै मिला." एवढंच. टेम्पो गेला. काकांना मास्तरांचं तोंडही बघायला मिळालं नाही.

त्यानंतर काकांनी दुसऱ्या मशीनवर चादर टाकली. त्यावर कापडाचे गठ्ठे साचत गेले. घरात कुणी काही विचारलं नाही. अर्ध्या मुलखात लोक रडत होते, त्यात एका शिंप्याकडे कोण बघणार.

भूकंपाला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली असतील. क्लासच्या संचालकांना एका रविवारी वाटलं, पालक आलेलेच असतात, त्यांना काहीतरी प्रेरणादायी दाखवावं. नांदेडचे एक निवृत्त प्राध्यापक परदेशी सिनेमे गोळा करायचे आणि पिशवीत प्रोजेक्टर घेऊन गावोगाव दाखवायचे. संचालकांनी फोन केला. प्राध्यापक म्हणाले, "चिनी आहे. दोन माणसांची गोष्ट. फार मोठी गोष्ट आहे." तेवढ्यावर संचालकांनी फलक रंगवून घेतला: निखळ मैत्रीवर आधारित प्रेरणादायी चित्रपट, पालकांनी अवश्य लाभ घ्यावा. सिनेमा आधी बघून घ्यावा असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. चीन म्हटल्यावर आम्हाला कष्ट आणि शिस्तच दिसणार.

खाली इंग्रजी अक्षरं येणार होती. पालकांना ती कोण सांगणार? इंग्रजीचे सर. इतक्या वर्षांत क्लासला माझी गरज पडलेला तो पहिला प्रसंग, त्यामुळं मी इस्त्रीचा शर्ट घालून पडद्याशेजारी स्टुलावर बसलो, हातात हजेरीचा माईक. काका तिसऱ्या रांगेत, मांडीवर रिकामा डबा.

सुरू होण्याआधी प्राध्यापक चहा पिता पिता मला म्हणाले, "नांदेडला दाखवला तेव्हा निम्मी माणसं शिट्ट्या मारत उठून गेली. बाकीची शेवटपर्यंत बसली. शेवटी दोघं बाहेर आले आणि माझा हात धरून उभे राहिले. काही बोलले नाहीत." मी "वा" म्हणालो. मला वाटलं, चीनच्या प्रगतीनं भारावले असतील.

बर्फातलं गाव. कोळशाची खाण. दोन कामगार एका खोलीत राहतात. एक चूल पेटवतो, दुसरा त्याचे फाटलेले हातमोजे शिवतो. मी माईकवर सांगत होतो, "हे दोघं जिवलग मित्र हायत. परिस्थिती गरीब. पण जिद्द सोडत नाहीत." संचालक पहिल्या रांगेत मान डोलावत होते. मग एका प्रसंगात एकानं दुसऱ्याच्या कपाळावर ओठ टेकले, आणि तिथंच ठेवले. खाली अक्षरं आली. मी वाचली, आणि मला नांदेडची निम्मी माणसं कळली.

मागच्या बाकावरून एक शिट्टी. संचालक वळून माझ्याकडे बघतायत. मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "तर मंडळी, आता खुलासा झालेला आहे. हे दोघं सख्खे भाऊ हायत. लहानपणी ताटातूट झाली होती."

"हां...!" सगळ्या हॉलनं एकदम श्वास सोडला. हरवलेले भाऊ आमच्या लोकांना पाठ असतात. देगलूरच्या एका माउलीनं तर डोळे पुसले. म्हणाली, "मी मघाच म्हनलं, तोंडवळा सेम हाय."

तिथून पुढं मला काही करावंच लागलं नाही. आई मोठ्याचं लग्न लावून देते आणि धाकटा गाव सोडून निघतो, तेव्हा भोकरचे एक पालक उभेच राहिले. "बायको आली की भाऊ तुटला! लिहून घ्या!"

"त्या सुनेनंच लावालंय सगळं," देगलूरची माउली.

"वाटणीत काय आलं धाकट्याला?"

"काय येतंय? बर्फाखाली जमीन. पड."

"विहीर कुणाकडं हाय, सर?"

मी म्हणालो, "विहीर मोठ्याकडे." हॉल हळहळला. मागच्या बाकावरची माझी अकरावीची पोरं खालची अक्षरं वाचत होती आणि एकमेकांच्या पाठीत बुक्क्या घालून खिदळत होती. त्या वर्षी त्यांनी इंग्रजी इतकं मन लावून दुसऱ्यांदा वाचलं नाही. बायको आली, भाऊ तुटला, विहीर मोठ्याकडे. हळदीच्या दिवशी मी पाणी मागतो ते इथं.

पुढं मोठा घर सोडून धाकट्याला शोधत निघतो. पत्ता लागतो, तो येतो, आणि त्याच सकाळी खाण ढासळते. पडद्यावर धूळ. लोक पळतायत. लातूरच्या हॉलमध्ये ढासळणारी गोष्ट दाखवली, की काय होतं ते प्राध्यापकांनाही माहीत नव्हतं. हसणं थांबलं. एक बाई उठून उघड्या दाराशी जाऊन उभी राहिली. मागची पोरंही गप्प झाली. त्यातली काही भूकंपात पडलेल्या गावांतलीच होती, त्या वेळी सहा-सात वर्षांची.

खाणीच्या तोंडाशी दोरी बांधलेली. एक शिपाई वही घेऊन उभा. बाहेर गर्दी. मोठा गर्दीतून पुढं येतो, नाव सांगतो. शिपाई काहीतरी विचारतो. खाली अक्षरं आली. मृत तुमचे कोण?

मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. काका पुढं वाकून बसले होते, डबा दोन्ही हातांनी धरलेला. पडद्यावरचा माणूस बोलत नव्हता. नुसता उभा होता. किती वेळ उभा होता देव जाणे. कुणीतरी खोकलं. मला ते सोसेना. संचालक होते, पालक होते, औशाकडची माणसं होती, नोकरी होती, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या वेळी फक्त घाई झाली. मी माईकमध्ये म्हणालो, "मी त्याचा भाऊ आहे."

आणि मग पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडलं. अक्षरं आली. 'मी त्याच्या घरचा.'

शिपायानं दोरी उचलली. माणूस आत गेला, गुडघ्यावर बसला, आणि मळक्या रुमालानं त्या दुसऱ्याचं तोंड पुसत राहिला. कपाळ, पापण्या, कानामागची धूळ. बराच वेळ. मी माईक मांडीवर ठेवला, बोलण्यासारखं खाली काही येत नव्हतं. हॉलमध्ये बायका मोठ्यानं रडत होत्या. भोकरचे पालक टोपीनं नाक पुसत होते.

दिवे लागले. संचालकांनी भावाभावांनी एकीनं राहावं यावर चार शब्द सांगितले. मला जवळ घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही वाचवलं." प्राध्यापक वायर गुंडाळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या बॅचमधली एक मुलगी, जी कधी हात वर करायची नाही, ती समोर येऊन हळूच म्हणाली, "सर, शेवटी तो 'भाऊ' नव्हता म्हणाला." मी म्हणालो, "तू उद्याचा धडा वाचून ये." ती गेली. नंतरही तिनं कधी हात वर केला नाही.

काका आणि मी स्टँडवर चालत गेलो. औशाची गाडी लागायची होती. काका बाकावर बसले, डब्याचं झाकण उघडत-लावत. मग म्हणाले,

"त्यो माणूस लई येळ गप हुता."

"हो."

"त्यो बोलायच्या आधीच तू बोललास."

"मला अंदाज होता काका. तेच म्हणाला."

"भाऊ म्हनला?"

मी आजूबाजूला पाहिलं. लिंबू-सोडावाला, दोन कॉलेजची पोरं, एक म्हातारी. एवढीच गर्दी होती. मी म्हणालो, "हाव. भाऊ."

काकांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"मी बी भाऊच म्हनायला पायजे हुतं," ते म्हणाले. "त्या दिवशी कोन जात-धर्म इचारून राहिलं हुतं? भाऊ म्हनलो असतो तर सोडलं असतं. एक खोटं बोलायचं हुतं फक्त. सुचलं न्हाई." गाडी लागली. ते चढले, खिडकीतून म्हणाले, "बरणी परत दे पुढल्या रव्वारी."

पुढल्या रविवारी ते आले, त्याच्या पुढल्याही. माझं लग्न झालं, डबे बंद झाले. नंतर मी नांदेडला गेलो, कारण लातुरात इंग्रजीही ॲपवर शिकवू लागले. पण कधीही भेटलो, की कसल्याही बोलण्यातून काका तिथं यायचे. घरातल्या नातवंडांच्या बारशात, मयतीत, एकदा तर बँकेच्या रांगेत. "एक खोटं बोलायचं हुतं." बाकीच्यांना कळायचं नाही. मी विषय बदलायचो. आमच्या घरात ते काम आता माझ्याकडे आलं होतं.

शेवटच्या वर्षी त्यांची नजर गेली होती बरीचशी. तरी दुकान उघडायचे. शाळेची खाकी चड्डी डोळे मिटून शिवता येते म्हणायचे. मी एका दुपारी नांदेडहून मुद्दाम गेलो. बायकोला सांगितलं, पँट अल्टर करायची आहे. वर्षानुवर्षं पोट वाढत असल्यामुळं तिला पटलं.

काका मशीनवर. समोरच्या मशीनवर चादर, त्यावर गठ्ठे. मी बाकावर बसलो. थोडं पावसाचं, थोडं सोयाबीनचं बोललो. मग म्हणालो, "काका, तो सिनेमा. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

पाय थांबले.

"तो भाऊ म्हणाला नव्हता. भाऊ नव्हतेच ते. तुम्हाला दिसलं असेल."

"दिसलं हुतं," काका म्हणाले. "डोळे हुते तवा. मग काय म्हनला?"

"मी त्याच्या घरचा, म्हणाला."

"दोरी उचलली तरी?"

"उचलली."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार किल्ल्याकडे जाऊन विरला.

"घरचा," ते म्हणाले. आणि पुन्हा, बिनआवाजाचं, नुसते ओठ हलवून. मग म्हणाले, "म्हंजे खोटंबी बोलायचं नव्हतं."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांचं ओझं उतरेल. मी नांदेडपासून हीच समजूत घेऊन आलो होतो, पँटसारखी पिशवीत घालून. त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं, इतकी वर्षं ते एका न सुचलेल्या खोट्यावर कसेबसे टेकून होते. तेही मी काढून घेतलं.

"त्या दिवशी स्टँडवर का न्हाई सांगितलंस?"

"लोक होते, काका."

काका माझ्याकडे बघत होते, म्हणजे मी जिथं असेन तिकडं.

"माझ्या टायमालाबी लोकच हुते," ते म्हणाले.

मग त्यांनी मशीनखालून रीळ काढलं, सुई माझ्यापुढं धरली. "वव." मी दोरा थुंकी लावून टोकदार केला, उजेडाकडे धरला. चार वेळा चुकला. काका हात पुढं करून तसेच बसून होते.